गाडीवर डोळ्यांसाठी काय वापरता? गॉगल, साधा चष्मा का नुसती हेल्मेटची काच?

कृष्णाकाठचा
मंडळी नमस्कार. रोजचं येणंजाणं पेठ नाका ते कराड, हायवेनं, गाडी स्प्लेंडर. आता कारखान्यांचा सीझन सुरू होईल म्हणजे ऊसाच्या ट्रॉल्या, त्यातनं उडणारं पाचट, त्यात हायवेचं सहापदरीचं काम चाललंय त्यामुळं धुरळा वेगळाच. सकाळी जाताना ऊन बाजूनं येतंय, रात्री येताना चिलटं. फुल फेस हेल्मेट हाय आयएसआयचं पण काच खाली ठेवली की श्वासानं धुकं धरतंय म्हणून अर्धी वर असते. बाजारात बघितलं तर दीडशे रुपयांच्या गॉगलवर पण यूव्ही ४०० लिहिलंय आणि दीड हजाराच्या पण. वरनं पोलराइज्ड, नाइट व्हिजन पिवळा, ऑटोमॅटिक काळा होणारा, कशात काय फरक ते कळंना. बजेट हजाराच्या आत. रोज गाडी चालवणाऱ्यांनी सांगा.

घाटवाट
दादा, आधी हेल्मेटची काच खाली ठेवायची सोय करा, मग गॉगलकडे या. हनुवटीपाशी हवा यायचं भोक असतं ते उघडं आहे का बघा, बऱ्याच हेल्मेटला ते धुळीनं बुजलेलं असतं. नाकावर बसणारा रबरी तुकडा, ब्रेथ गार्ड म्हणतात, तो लावला की श्वास खाली जातो आणि निम्मं धुकं तिथंच कमी होतं. खरं सांगायचं तर समोरून येणारं पाचट, खडी, किडा, सगळ्याला अडवणारी सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ती काच. ती वर करून आत हजाराचा गॉगल घातला तरी गाल, भुवई, नाक उघडंच.
गॉगल घ्यायचाच तर हेल्मेट सोबत घेऊन दुकानात जा. काड्या सरळ आणि पातळ पाहिजेत, कानामागं वाकलेल्या काड्या हेल्मेटात घुसत नाहीत आणि जाड काडी असली की कानाच्या वर कानशिलाला दाबते, पंधरा-वीस मिनिटांत डोकं ठणकायला लागतं. दुकानात घालून पाच मिनिटं तरी तसंच थांबा, लगेच काढू नका.

पार्सलवाला
घाटवाट सर, काच खाली हे बरोबरच आहे पण दर दहा मिनिटाला गेटवर थांबून नाव सांगायचं, फोन बघायचा, पत्ता विचारायचा, यात काच वरखाली होतच राहते आणि नेमकं काच वर असताना डोळ्यात जातं. मी पुण्यात डिलिव्हरी करतो. आम्ही बरेच जण हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक सेफ्टी चष्मा वापरतो, फॅक्टरीत ग्राइंडिंगला घालतात तो. दोन-तीनशेच्या आत चांगला मिळतो, बाजूनं पण झाकलेला असतो, आणि पांढरा असल्यामुळं दिवसा-रात्री एकच. काडीवर किंवा काचेवर झेड८७ प्लस छापलंय का बघायचं. भारी दिसत नाही, पण डोळ्यात काही जात नाही.

चष्मेवाली_सांगली
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासणारी, दुकानात रोज हेच प्रश्न येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.
पार्सलवाला दादांनी सांगितलेलं अगदी योग्य आहे. झेड८७ हे अमेरिकेतलं मानक आहे आणि पुढं प्लस असेल तर त्या काचेवर पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला साधारण ४५ मीटर वेगानं मारून तपासणी होते, म्हणजे ताशी १६० किमीच्या वर. युरोपचं ईएन १६६ असेल तर त्यात एफ अक्षर म्हणजे साधारण तेवढ्याच वेगाची चाचणी आणि बी म्हणजे सेकंदाला १२० मीटरची. फॅशनच्या गॉगलला यातलं काहीही बंधनकारक नसतं. तुम्ही साठनं चाललाय आणि समोरचा ट्रक साठनं येतोय, त्याच्या टायरमधनं खडा उडाला तर तो कुठल्या वेगानं येईल याचा विचार करा. खरी काच, म्हणजे मिनरल ग्लास, गाडीवर अजिबात नको, फुटली तर तुकडे डोळ्यात. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स मागा, ही माराला टिकणारी प्लास्टिक आहेत. नेहमीचं सीआर ३९ प्लास्टिक नजरेला स्वच्छ असतं पण जोराच्या माराला तडकू शकतं.
आता यूव्ही. यूव्ही ४०० म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवणारा. याचा काळ्या रंगाशी संबंध नाही! पॉलिकार्बोनेट पांढरंशुभ्र असलं तरी मुळातच जवळजवळ सगळे यूव्ही अडवतं. उलट काच नुसती रंगवलेली असेल आणि यूव्ही अडवत नसेल तर ती साध्या डोळ्यापेक्षा वाईट, कारण अंधारामुळं बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. वर्षानुवर्षं ऊन आणि वारा खाल्ला की मोतीबिंदू लवकर येतो, नाकाच्या बाजूनं बुबुळावर पडदा वाढतो. शेतात राबणाऱ्या आणि रोज गाडी मारणाऱ्या लोकांच्यात हा पडदा आम्ही सारखा बघतो.
तर दीडशेच्या गॉगलवर छापलंय ते खरं का खोटं हे छापण्यावरनं कळत नाही. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही मीटर असतं, एका मिनिटाचं काम, कुणीही करून देईल.

कृष्णाकाठचा
ताई लई भारी माहिती. घरी तपासायचं काय जमतंय का? दुकानदाराकडं दुसऱ्याचा गॉगल घेऊन जायला कसंतरी वाटतंय.

चष्मेवाली_सांगली
अहो बिनधास्त जा, कुणी नाही म्हणत नाही. घरी करायचं तर नोटा तपासायची यूव्ही टॉर्च घ्या, अंधारात पाचशेच्या नोटेच्या नंबरवर मारा, नंबर आणि बारीक धागे चमकतात. मग टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये गॉगल धरा. चमक गेली तर ठीक, तशीच राहिली तर टाकून द्या. ही कच्ची चाचणी आहे, कारण स्वस्त टॉर्चमधनं जांभळा दिसणारा उजेडही येतो आणि गर्द काच तोही थोडा कमी करते, म्हणून पक्कं उत्तर मीटरवरच.
काचेतनं सरळ दिसतंय का ही चाचणी मात्र घरी पक्की होते. गॉगल हातभर लांब धरून त्यातनं दाराची चौकट बघा आणि गॉगल हळूहळू डावीउजवीकडं, वरखाली हलवा. चौकटीची रेघ वाकली, लाटेसारखी हलली तर ती काच दिवसभर डोळ्यावर ठेवायची नाही, डोकेदुखी तिथनंच येते.

कोकणकडा
पोलराइज्डबद्दल मी लिहितो कारण आमच्याकडे मुंबई-गोवा हायवेला पावसाची उघडीप झाली आणि ओल्या रस्त्यावर ऊन पडलं की समोर पांढरं पांढरं होतं, काही म्हणजे काही दिसत नाही. तेव्हा पोलराइज्ड काच फार सुख देते, डोळा शांत होतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. नवीन गाड्यांना डिजिटल मीटर असतो, पोलराइज्डमधून तो काहींचा अर्धा काळा दिसतो तर काहींचा डोकं तिरकं केल्यावर पूर्ण गायब, फोनच्या मॅपचं पण तेच. स्प्लेंडरला काट्याचा मीटर असेल तर तो प्रश्न नाही. दुसरं म्हणजे हेल्मेटची काच खाली घेतली की तिच्यावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, प्लास्टिकमधला ताण दिसतो तो, काच खराब नसते पण डोळ्याला त्रास.
आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रस्त्यावर सांडलेलं डिझेल आपण त्याच्या चकाकीवरूनच ओळखतो. चकाकी कमी करणारी पोलराइज्ड काच घातली की ती खूण पण पुसट होते. घाटात वळणावर मला ती चकाकी दिसायला हवी असते म्हणून मी घाटात साधा ग्रे वापरतो.

घाटवाट
डिझेलचा मुद्दा एकदम बरोबर. त्यात बोगदे आले. आमच्या सातारा-पुणे मार्गावर येताना खंबाटकीचा बोगदा, पुढं कात्रजचा, तुमच्याकडं कशेडीचा. भर उन्हातनं काळ्या काचेसकट आत शिरलं की पहिले दोन-चार सेकंद काही दिसत नाही, आणि साठच्या वेगात सेकंदाला सोळा-सतरा मीटर जातात. म्हणून मला हेल्मेटच्या आतली पाडायची काळी काच, सन व्हायझर, ती आवडते. बोगद्याच्या तोंडाशी डाव्या हाताचा अंगठा, खटका वर, संपलं. बाहेरची मुख्य काच कायम पांढरी. बाहेरूनच काळी किंवा आरशासारखी काच बसवतात पोरं, ती रात्री घेऊन फिरणं म्हणजे डोळे मिटून फिरणं. ईसीई मार्कच्या, म्हणजे युरोपच्या मानकाच्या, गडद काचांवर फक्त दिवसा वापरा असं छापलेलं असतं ते उगाच नाही.

बुलेट_नागपूर
अन मग फोटोक्रोमिक कसा राहील भाऊ? उन्हात काळा, बोगद्यात पांढरा, आपोआप. मी तोच घ्यायचं पाहून राहिलो.

चष्मेवाली_सांगली
दादा, तुम्हाला दोन कारणांनी तो निराश करेल. तो काळा होतो यूव्हीमुळं, आणि हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच यूव्ही आधीच अडवते, म्हणजे काच खाली असेल तर आतला चष्मा धड काळा होतच नाही. कारमध्ये बसल्यावर पण हीच तक्रार असते लोकांची. शिवाय या काचा थंडीत जास्त गडद होतात आणि उष्णतेत कमी, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात जेव्हा सगळ्यात जास्त गरज तेव्हाच कमी काळ्या. आणि परत पांढरं व्हायला काही मिनिटं लागतात, बोगदा त्याच्या आधी संपलेला असतो.
रोज चालत फिरणाऱ्याला छान आहे तो चष्मा. गाडीसाठी नाही.

बुलेट_नागपूर
समजलं ताई. मंग आमच्याकडचं सांगतो, उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर पारा जाते तेव्हा ऊन परवडलं पण ती झळ नाही परवडत. वारा नाही, भट्टीच असते. काच वर करून चालवली का डोळे कोरडे पडून लाल, रात्री रेती टाकल्यावानी खुपतात. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यानं तर बिलकुलच उघड्या डोळ्यानं चालवू नये, लेन्स वाळून चिकटून जाते. डोळ्याच्या चहूकडून फोम असलेला गॉगल मिळते, तो उन्हाळ्यात बेस्ट, वारा आत येतच नाही. घाम येते थोडा, पण फोमला वर-खाली भोकं असलेला पाहून घ्या. काच ग्रे किंवा ब्राऊन घ्या, निळी-लाल नका घेऊ, सिग्नलचे रंग बदलून जातात.

स्कूटीवाली
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, आमच्यासारख्या स्कार्फ बांधून वर हेल्मेट घालणाऱ्यांनी काय करायचं? स्कार्फ नाकावरून घेतला की सगळा श्वास वर येतो आणि चष्मा असो की काच, सिग्नलला थांबलं की पांढरं. मग बहुतेक मुली काय करतात तर काच वर. माझी मैत्रीण तशीच कर्वे रोडवरून येताना डोळ्यात किडा गेला, दोन्ही डोळे आपोआप मिटले, नशीब मागे कोणी नव्हतं.

पार्सलवाला
ताई, स्कार्फ नाकाच्या शेंड्याखाली घ्या किंवा नाकावर घ्यायचाच तर वरची कड आत दुमडून चष्म्याच्या खाली दाबून बसवा, चष्मा कडेवर बसला पाहिजे, म्हणजे वाफ वर जात नाही. आणि काचेला आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं पसरवून मऊ कापडानं कोरडा पुसून काढायचा, पाण्यानं धुवायचा नाही. एक दिवस नीट चालतं, पावसात रोज करावं लागतं. जास्त पैसे घालायचे असतील तर पिनलॉक नावाची आतून बसवायची दुसरी पातळ काच येते, पण त्यासाठी हेल्मेटच्या काचेला दोन्ही कडेला पिना असायला हव्यात.

कृष्णाकाठचा
एक गोष्ट सांगायची होती, ह्याच्यासाठीच धागा काढला खरं तर. आमच्या भावकीतले एक चुलते, गेल्या सीझनला एम-८० गाडीवरनं येताना ट्रॉलीतनं बाहेर आलेलं ऊसाचं पान डोळ्याला चाटून गेलं. उभ्या उभ्या. रक्त नाय काय नाय, नुसतं पाणी यायचं. गावात एकानं पदराच्या टोकानं कचरा काढला, मग मेडिकलमधनं ड्रॉप आणला, लाल डोळ्याचा द्या म्हणून. दोन-चार दिवस बरं वाटलं आणि मग एकदम वाढलं. मिरजेला नेलं तवा बुबुळावर पांढरा डाग होता. महिनोन्महिने औषध चाललं, आता फूल पडलंय, त्या डोळ्यानं नुसतं उजेड-अंधार कळतंय. माणूस अजून चाळिशीतला हाय. ताई, एवढ्याशा पानानं असं कसं काय होतंय?

चष्मेवाली_सांगली
दादा, वाचून फार वाईट वाटलं. हे असंच होतं आणि आपल्या ऊसपट्ट्यात, भातपट्ट्यात दर सीझनला होतं.
ऊसाच्या पानाची कड करवतीसारखी असते. ती बुबुळाचा वरचा पापुद्रा खरवडते आणि पानावरची बुरशी त्या जखमेत सोडून जाते. बुबुळाच्या वरच्या पारदर्शक भागात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं शरीराची लढाई तिथं हळू चालते आणि बुरशी हळूहळू आत मुरते. पहिले काही दिवस नुसतं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. म्हणून माणसाला वाटतं साधं आहे.
आता मेडिकलच्या ड्रॉपचं. लाल डोळ्याचा द्या म्हटलं की बरेचदा अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड मिसळलेला ड्रॉप हातात येतो. स्टेरॉइडनं लाली आणि दुखणं लगेच उतरतं, बरं वाटतं, आणि तेवढ्यात आत बुरशीला रान मोकळं होतं. तुमच्या चुलत्यांना दोन-चार दिवस बरं वाटलं ते त्यामुळंच असावं. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून दिलेलं नसेल तर एक थेंबही घालू नका. घरात पडलेली जुनी बाटली तर नाहीच.
गाडीवर डोळ्यात काही गेलं तर इंडिकेटर देऊन बाजूला थांबा, चोळू नका. प्यायच्या स्वच्छ पाण्यानं डोळा उघडझाप करत भरपूर धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढा. धूळ, चिलट असेल तर बहुतेक वेळा निघून जातं. पदर, रुमाल, जिभेनं काढणारी माणसं, कापूस, काही नको. धुतल्यावरही टोचत राहिलं, नजर धूसर झाली, उजेडाकडं बघवेना, किंवा पान, काटा, लाकूड, धातू असं काही लागलं असेल तर त्याच दिवशी डोळ्याचे डॉक्टर. ते डोळ्यात पिवळा डाय घालून निळ्या उजेडात बघतात, ओरखडा असेल तर हिरवा चमकतो, दोन मिनिटांत कळतं. बुरशीचं औषध वेगळं असतं आणि जितकं लवकर सुरू तितका डोळा वाचतो.
सीझनमध्ये पेठ नाका ते कराड जायचं म्हणजे मी तरी तुम्हाला काळ्या-गोऱ्या गॉगलचा विचार नंतर करा म्हणेन. दोन-तीनशेचा पारदर्शक सेफ्टी चष्मा आधी घ्या, शेतात पण तोच घालून जा. आणि ट्रॉलीच्या मागं, बाजूला रेंगाळू नका.

कोकणकडा
ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे भात झोडपताना तूस डोळ्यात जाणं तर रोजचं. घरच्यांना वाचून दाखवतो.

निवृत्त_मास्तर
नमस्कार. मी साठीपुढचा, मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, लांबचा-जवळचा एकत्र. गाडीवर आरशात बघताना आणि मान वळवून मागे पाहताना कडेला सगळं पसरट दिसते. वेगळा चष्मा करावा काय?

चष्मेवाली_सांगली
करा काका, नक्की करा. प्रोग्रेसिव्हला कडेला विकृती असतेच, ती काचेची रचनाच आहे. गाडीसाठी नुसता लांबच्या नंबरचा, पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स, अँटिग्लेअर कोटिंगचा चष्मा करून घ्या. मीटरचा आकडा हातभर लांब असतो, तो बहुतेकांना दिसतो. फ्रेम फार गोलाकार गुंडाळलेली घेऊ नका, नंबर घातला की अशा काचेत कडेला पुन्हा तोच त्रास.

स्कूटीवाली
आणि तो रात्रीचा पिवळा चष्मा? टीव्हीवर जाहिरात असते, समोरच्या गाडीची लाइट लागत नाही म्हणून.

चष्मेवाली_सांगली
घेऊ नका. पिवळी काच उजेड कमीच करते, रात्री आधीच उजेड कमी असतो. २०१९ साली बोस्टनच्या संशोधकांनी सिम्युलेटरवर माणसांना गाडी चालवायला लावून तपासलं होतं, पिवळ्या चष्म्यानं समोरच्या लाइटमध्ये पादचारी लवकर दिसले नाहीत. डोळ्याला उबदार वाटतं म्हणून चांगलं दिसतंय असं वाटतं एवढंच. रात्री लाइट फार फुटत असेल तर नंबर तपासा, वय असेल तर मोतीबिंदू तपासा, आणि त्याहून आधी हेल्मेटची काच उजेडासमोर धरून बघा.

घाटवाट
शेवटचं वाक्य अधोरेखित करतो. निम्म्या लोकांची काच बारीक ओरखड्यांनी भरलेली असते आणि समोरच्या प्रत्येक लाइटची चांदणी होते. कारण एकच, पेट्रोल पंपावर उभं राहून कोरड्या फडक्यानं पुसणं. धूळ म्हणजे वाळूच, तुम्ही काच घासताय. ओला टिश्यू किंवा ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर टाकून ठेवा, वाळलेले किडे मऊ होऊन सुटतात, मग साबणाच्या पाण्यानं बोटांनी हलकेच धुवा. पेट्रोल, थिनर, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड पॉलिकार्बोनेटला लावायचं नाही, बारीक तडे जातात. ओरखडे पडलेली काच बदला, तिच्यासाठी नवं हेल्मेट लागत नाही, तुमच्या मॉडेलची सुटी काच बहुतेक देशी ब्रँडची काही शे रुपयांत मिळते.

कृष्णाकाठचा
मंडळी, इस्लामपुरात हार्डवेअरला जाऊन आलो. पांढरा सेफ्टी चष्मा घेतला, झेड८७ प्लस बघून, आणि दोन जादा घेतले, एक चुलत्यांना चांगल्या डोळ्यासाठी आणि एक आमच्या ट्रॅक्टरवाल्या पोराला. हेल्मेटची काच पण नवीन टाकली, हनुवटीचं भोक खरंच मातीनं गच्च होतं, टूथब्रशनं काढलं. उन्हासाठी त्याच कंपनीचा ग्रे रंगाचा तसलाच चष्मा होता, तो घ्यावा का? काडीवर ५-३.१ असलं कायतरी लिहिलं होतं.

चष्मेवाली_सांगली
हो, चालेल तो. पुढचा ५ म्हणजे उन्हाचा फिल्टर, मागचा आकडा गडदपणाचा. ३.१ म्हणजे साधारण आठ ते अठरा टक्के उजेड आत येतो, भर उन्हाला बरोबर आहे. त्याच्यापुढचा ४.१ असतो तो बर्फाळ डोंगरासाठी, गाडी चालवायला मनाई आहे. सकाळी जाताना ग्रे घाला, पांढरा डब्यात घालून खिशात ठेवा, आणि येताना सूर्य मावळायच्या आधीच थांबून बदला. चुलत्यांना म्हणावं घरातनं बाहेर पडताना तो चष्मा कायम लावा, आणि चांगल्या डोळ्याची तपासणी दर सहा महिन्यांनी चुकवू नका.

बुलेट_नागपूर
कृष्णाकाठचा भाऊ, ट्रॅक्टरवाल्या पोराले पण दिला हे लय चांगलं केलं. माझ्याकडं पऱ्हाटीच्या शेतात फवारणीले जाणारे गडी आहेत, त्यायच्यासाठी फोमवाला घेऊ की असाच साधा चालन?

चष्मेवाली_सांगली
फवारणीला साधा नको दादा, औषधाचा तुषार बाजूनं आत जातो. चारही बाजूंनी बंद, केमिकल स्प्लॅश गॉगल असं सांगून मागा. फोमवाला नको, फोम औषध शोषून धरतो आणि ते कातडीला लागत राहतं. रबराच्या कडेचा, आडून हवा येणाऱ्या भोकांचा घ्या आणि रोज साबणानं धुवायला सांगा. डोळ्यात औषध गेलंच तर पंधरा मिनिटं तरी वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा, आणि औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात.